पाच दिवस, की पाचपेक्षा जास्त?

आधीच सांगून टाकतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडून हमखास चुकतात. तरीपण आज शब्दांच्या चुकांवरच लिहायला बसलोय. कारण गेल्या सेमिस्टरला अशाच एका चुकीमुळे माझ्या रूममेटचे साडेचारशे रुपये बुडता बुडता वाचले.

झालं असं की मिनी प्रोजेक्ट म्हणून आमच्या चौघांच्या ग्रुपने होस्टेलच्या मेस बिलाचं सॉफ्टवेअर बनवलं. नियम नोटीस बोर्डावर लावलेला होता : सलग पाच दिवस किंवा त्याहून जास्त गैरहजर राहिलात, तर तेवढ्या दिवसांचे पैसे बिलातून वजा. माझा रूममेट चिखलदऱ्याचा. पावसाळ्यात तो घरी गेला, मोजून पाच दिवस राहिला आणि परतवाड्याचा घाट उतरून परत आला. महिनाअखेरीस बिल मात्र पूर्ण! तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा. "काऊन बे, पाच दिवस मेसमध्ये पाय नाही ठेवला मी. मंग पैसे कायचे?"

आम्ही टेस्ट डॉक्युमेंट उघडलं. ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी सांगतो. टेस्ट केस म्हणजे सॉफ्टवेअरला काय इनपुट द्यायचा आणि उत्तर काय यायला पाहिजे, हे आधीच लिहून ठेवणं. त्यात आमच्यापैकी कोणीतरी टाइप करताना लिहिलं होतं, 'पाच दिवसांपेक्षा जास्त'. कोडही त्यावरूनच लिहिला गेला. वर्गात शिकवल्याप्रमाणे आम्ही काठावरचे आकडे, म्हणजे ४, ५ आणि ६, इमानदारीने तपासले होते. पाचसमोर अपेक्षित उत्तर होतं 'सूट नाही'. सॉफ्टवेअर पण म्हणालं 'सूट नाही'. टेस्ट पास!

खरी गोम इथेच आहे. कोडमधली चूक टेस्ट पकडते. पण टेस्टच्या वाक्यातच चूक असली तर? मग ती टेस्ट चुकीच्या कोडला पास करते. वर आणखी, उद्या कोणी शहाण्याने कोड दुरुस्त केला तर त्यालाच फेल करते! म्हणजे वॉचमनच चोराला सामील. म्हणून "अरे, डॉक्युमेंटच तर आहे, चालतं" असं म्हणणं बरोबर नाही.

मोठ्यामोठ्यांकडूनही असं झालंय. २२ जुलै १९६२ ला अमेरिकेचं 'मरीनर १' हे यान शुक्राकडे निघालं. रेडिओ सिग्नलमध्ये बिघाड होताच. पण त्याचबरोबर हाताने लिहिलेल्या एका समीकरणातली अक्षरावरची छोटीशी आडवी रेघ प्रोग्रॅमपर्यंत पोचलीच नव्हती. ती रेघ म्हणजे 'सरासरी काढून गुळगुळीत केलेला आकडा घ्या' अशी खूण. ती नसल्यामुळे यान भरकटलं आणि पाच मिनिटं व्हायच्या आत ते उडवून द्यावं लागलं. आपल्याकडे अनुस्वार राहिला तर बाई कान धरायच्या, तो असा महागात पडू शकतो!

मग चुका शोधायच्या कशा? आमच्या अनुभवातून सांगतो.

एक, काठाचे शब्द बघा. 'पर्यंत', 'पेक्षा जास्त', 'आत', 'पासून'. एसटीचंच घ्या. आपण बोलताना म्हणतो, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे फुकट. मग ज्या आजोबांचा आज पंचाहत्तरावा वाढदिवस आहे त्यांचं काय? बोलण्यात चालून जातं, टेस्ट केसमध्ये नाही.

दोन, 'नाही' शोधा. 'स्वीकारू नये' मधला 'नये' गळला की अर्थ उलटा.

तीन, गुळमुळीत शब्द काढा. 'स्क्रीन लगेच उघडावी' म्हणजे किती सेकंदांत? इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांना पण हा त्रास झाला असणार. म्हणून १९९७ मध्ये 'आरएफसी २११९' मध्ये त्यांनी 'मस्ट', 'शुड', 'मे' या शब्दांचे अर्थच ठरवून टाकले. मस्ट म्हणजे करायलाच पाहिजे, शुड म्हणजे सबळ कारण असेल तरच सोडता येईल, आणि मे म्हणजे तुमची मर्जी.

आता दुरुस्तीबद्दल. इथे मी स्वतः आपटलोय. एका टेस्ट केसमध्ये 'रिसीव्ह्ड' या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं. माझ्यातला कॉन्व्हेंटवाला जागा झाला आणि मी कोणालाही न सांगता ते सुधारलं. दुसऱ्या दिवशी टेस्ट फेल! कारण स्क्रीनवरच्या मेसेजमध्ये तेच चुकीचं स्पेलिंग होतं आणि टेस्ट अक्षर न् अक्षर जुळवत होती. शिवाय बाकी तिघांच्या हातात जुने प्रिंटआउट. अर्धा दिवस नुसता भांडणात गेला. तेव्हापासून आमचा नियम आहे : एका वेळी एकच बदल, जुनं वाक्य, नवं वाक्य, कारण आणि तारीख लिहायची, व्हर्जन नंबर वाढवायचा आणि मूळ नियमाशी ताडून बघायचं. 'पाच दिवसां'ची चूकही आम्ही आधी नोटीस मेस सेक्रेटरीला दाखवूनच बदलली. मग कोड बदलला, मग पुन्हा ४, ५, ६. रूममेटचे पैसे पुढच्या बिलात वळते झाले.

चूक दाखवणाऱ्यावर रागवायचं मात्र नाही हं. डोनाल्ड कनूथ या जगप्रसिद्ध कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकातली चूक, अगदी छपाईची सुद्धा, पहिल्यांदा दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचं बक्षीस ठेवलं. २५६ सेंट म्हणजे हेक्साडेसिमलमधला एक डॉलर! लोक ते चेक फ्रेम करून ठेवायचे.

रूममेट मला चिडवतो, "आमच्या तं गावाच्या नावातच टायपिंग मिस्टेक हाय!" भीमाने कीचकाला मारून तिथल्या दरीत टाकलं, म्हणून मूळ नाव कीचकदरा, असं तिकडे सांगतात. असो. नावात अक्षरं बदलली तरी एसटी बरोबर चिखलदऱ्यालाच पोचते, कारण सगळ्यांना ते ठिकाण माहीत आहे. टेस्ट केस वाचणाऱ्याकडे मात्र समोरच्या वाक्याशिवाय दुसरं काहीच नसतं.

आणि हो, या लेखात चूक सापडली तर जरूर सांगा. दोन डॉलर नाही परवडत, पण कॅन्टीनमधला एक कटिंग नक्की!