कण्णगीचे नूपुर, माधवीचे गीत : तमिळ महाकाव्यातील स्त्रीसामर्थ्य

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हाती नूपुर घेऊन उभ्या असलेल्या कण्णगीचा पुतळा १९६८ मध्ये जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने बसविण्यात आला. डिसेंबर २००१ मध्ये तो हटविण्यात आला, त्यावरून वाद पेटला आणि सत्तांतरानंतर २००६ मध्ये तो पुन्हा उभारण्यात आला. एका काव्यनायिकेसाठी एवढा संघर्ष का व्हावा, याचे उत्तर इळंगो अडिगळ यांच्या नावावर असलेल्या 'शिलप्पदिकारम्' या महाकाव्यात सापडते.

कथा पुहार नगरातील व्यापारी कुटुंबांची आहे. कोवलन पत्नी कण्णगीला सोडून माधवी या नर्तकीकडे राहतो आणि संपत्ती उधळून परततो. कण्णगी त्याला दोष देत नाही. उरलेले नूपुर पुढे करते. ते विकण्यासाठी दोघे मदुरेला जातात. तेथे राणीचे नूपुर चोरणारा सोनारच कोवलनवर आळ घेतो आणि पांड्य राजा चौकशीविनाच त्याला देहदंड देतो.

येथवर मूक असलेली कण्णगी यानंतर थेट राजसभेत जाते. राणीच्या नूपुरात मोती असतात. कण्णगी आपले नूपुर फोडते, तेव्हा त्यातून माणिक उसळतात. अन्याय उमगताच राजा प्राण सोडतो. कण्णगी आपला स्तन उपटून नगरावर भिरकावते आणि मदुरा जळू लागते. मात्र वृद्ध, बालके, पतिव्रता व ब्राह्मण यांना अग्नीने स्पर्श करू नये, असेही तीच बजावते.

हे सामर्थ्य तमिळ परंपरेतील 'कर्पु' या संकल्पनेतून येते. मराठी वाचकाला परिचित असलेली सावित्री यमाला वाक्चातुर्याने जिंकून पती परत मिळवते. कण्णगी पती गमावल्यावर राजसत्तेला जाब विचारते. तथापि, या सामर्थ्याची अट पतिनिष्ठाच आहे, हे नजरेआड करता येत नाही. राजाला नमविणारी स्त्री पतीला मात्र एकही कठोर शब्द ऐकवत नाही.

या अटीची दुसरी बाजू माधवीच्या वाट्याला येते. सागरतीरी कोवलन जणू दुसऱ्याच स्त्रीवर अनुरक्त असल्यासारखे गीत गातो. माधवीही तशाच भावाचे गीत गाऊन उत्तर देते. त्याचे गाणे केवळ गाणे ठरते, तिच्या गाण्यातून मात्र संशय जन्मतो आणि तो तिला सोडून जातो. वास्तविक माधवीही त्याच्याशी एकनिष्ठच होती. परंतु गणिकाकुळातील स्त्रीच्या निष्ठेला 'कर्पु'चा मान नव्हता. चेर राजा शेंगुट्टुवन हिमालयातून शिळा आणून कण्णगीची प्रतिष्ठापना करतो, तीही आपल्या राणीच्या सल्ल्यावरून. माधवीसाठी अशी शिळा कोणी आणत नाही.

माधवीच्या कन्येची कथा सात्तनार यांच्या 'मणिमेखलै' या महाकाव्यात येते. तिच्यावर मोहित झालेल्या राजपुत्राला नाकारून मणिमेखलै बौद्ध भिक्षुणी होते. ती कण्णगीसारखी पत्नी होत नाही आणि मातेसारखी नर्तकीही राहत नाही. तिच्या हाती नूपुराऐवजी कधीही रिते न होणारे अक्षयपात्र येते. त्यातून ती कारागृहातील बंदिवानांना जेवू घालते आणि राजाने वर मागण्यास सांगितल्यावर त्या कारागृहाचे धर्मशाळेत रूपांतर करण्याची मागणी करते.