आधी रेखांकन, मग भूखंड

वसाहतीचे सुख तिच्या आखणीत असते. चंडीगडची रचना करताना ल कॉर्बुझिए यांनी साधारण ८०० बाय १२०० मीटरचा सेक्टर हे एकक मानले. वेगवान वाहतूक त्याच्या कडेने जाते. शाळा, बाजार व उद्याने आत, चालण्याच्या अंतरावर राहतात. याउलट, महाराष्ट्रात शेतजमिनीचे गुंठे पाडून विकताना अनेक ठिकाणी पुरेसे रस्ते व मोकळ्या जागा राखल्याच गेल्या नाहीत. अशा वसाहती नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला.

म्हणून भूखंडाचा विसार देण्यापूर्वी सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलेले रेखांकन पाहावे. पोचरस्त्याची रुंदी, खुली जागा व सांडपाण्याची सोय जागेवर जाऊन पडताळावी. कर्ज देताना बँकही मंजूर रेखांकन मागते. आयुष्याची पुंजी गुंतवताना एवढी चौकशी ग्राहकांनी अवश्य करावी.