मुलं गेली, खर्च मागेच राहिला

आता अमेरिकेतला साधा हिशोब बघा. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण कारभार स्वतंत्र. समजा, नेहमीच्या सरकारी शाळेतून दहा मुलं तिकडे गेली. त्यांच्यामागचं अनुदानही गेलं. पण ती दहा एकाच वर्गातली नसतात हो! पहिलीतली दोन, चौथीतलं एक. मग शिक्षक कमी करता येत नाही, बस तेवढीच धावते, छप्परही तेवढंच गळतं.

व्हाउचरची गोष्ट वेगळी. ॲरिझोनानं २०२२ मध्ये ती सोय सरसकट खुली केली. वर्षाला साधारण ७ हजार डॉलर. सुरुवातीच्या अर्जदारांपैकी सुमारे ७५ टक्के मुलं सरकारी शाळेतून आलेलीच नव्हती. बरीचशी आधीपासून खासगी शाळेत किंवा घरीच शिकत होती. तो खर्च पालक करत होते, आता तिजोरी करते.