पणजोबांच्या मागे जायचंय? नाशिकच्या वह्या बघा

वंशावळ करायला घेतली की बहुतेकांची गाडी पणजोबांच्या नावापाशी अडते. घरात कागद नसतात, सांगणारं कुणी उरलेलं नसतं. अशांनी नाशिकचं रामकुंड किंवा त्र्यंबकेश्वर गाठावं. तिथल्या तीर्थोपाध्यायांनी यजमानांच्या वह्या पिढ्यानपिढ्या जपल्यात. आडनाव आणि मूळ गाव सांगून आपल्या घराण्याचे उपाध्ये कोण, हे आधी विचारायचं. मूळ गाव म्हणजे आज राहतो ते नव्हे, पूर्वज जिथून आले ते!

एकेक नोंद म्हणजे खजिना. आलेल्या माणसाचं नाव, वडील, आजोबा, चुलते, मुलं, गाव आणि बऱ्याचदा खाली त्याची स्वतःची सही. वेगळ्या झालेल्या चुलत शाखाही इथे सापडतात. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, तेव्हा मोडी वाचणारं कुणी सोबत असेल तर उत्तम. फोटो मात्र विचारूनच काढा.

मिळालेली नावं सरकारी कागदांशी ताडून पाहा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकात, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी मिळतात. शाळेचं जनरल रजिस्टरही बघावं. माझ्या मते सगळ्यात बोलका कागद जमिनीच्या वारस नोंदीचा फेरफार: मयत खातेदार आणि त्याचे वारस एकाच ठिकाणी!

आणि हो, तीर्थावरून निघण्यापूर्वी उपाध्यायांच्या वहीत आपल्या कुटुंबाची नोंद करून या. लेकी-सुनांच्या नावांसकट.