साठ ग्रॅमचा ताळेबंद

हॉस्टेलची टाकी सकाळी आठला रिकामी झाली की नऊपर्यंत विंगमध्ये काय वातावरण असतं, ते इथे सांगायची गरज नाही. अशा दिवशी आठवण काढावी असा एक प्राणी आहे. वजन जेमतेम ४० ग्रॅम, शेपटी अंगापेक्षा लांब, आणि कोरडं धान्य खाऊन, पाण्याचा एक घोटही न घेता तो महिनोन्महिने मजेत राहू शकतो. नाव कांगारू रॅट. अमेरिकेचा नैऋत्य भाग आणि उत्तर मेक्सिको हे त्याचं घर. त्याच्या वीसेक जाती आहेत, त्यातली मेरियमचा कांगारू रॅट ही इथली आपली नायिका.

नावावर जाऊ नका. मागच्या लांब पायांवर उड्या मारतो म्हणून कांगारू, बाकी संबंध शून्य. आणि तो धड उंदीरही नाही. कुळाच्या दृष्टीने घरातल्या उंदरापेक्षा तो बीव्हरला जवळचा.

तर मग पाणी येतं कुठून? पूर्वी लोकांना वाटायचं की हा अंगात कुठेतरी पाणी साठवत असेल. १९४०च्या दशकाच्या अखेरीस क्नूट आणि बोडिल श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञ दांपत्याने ॲरिझोनात हे तपासलं. साठा वगैरे काही नव्हता. कोरड्या धान्यावर ठेवलेल्या प्राण्यांच्या शरीरातलं पाण्याचं प्रमाण कमीही होत नव्हतं. म्हणजे आवक आणि जावक जुळत होती. मग त्यांनी जो हिशेब मांडला तो केमिकलवाल्यांनी मास बॅलन्स म्हणून वहीत उतरवून घ्यावा असा आहे.

कांगारू रॅटने साधारण महिनाभरात १०० ग्रॅम जव खाल्ले असं धरा. जवातच हवेतून शोषलेलं ६ ग्रॅम पाणी असतं. उरलेलं ५४ ग्रॅम पाणी अन्न जळताना शरीरातच तयार होतं. यात जादू नाही. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळलं की १०८ ग्रॅम पाणी मिळतं, हे अकरावीचं रसायनशास्त्र. एकूण जमा ६० ग्रॅम. खर्च असा: श्वास आणि त्वचेवाटे ४३.९, लघवीत १३.५, विष्ठेत २.६. बेरीज करून पाहा, ६० भरते.

आता गंमत अशी की असं पाणी आपल्याही शरीरात रोज तयार होतं, सुमारे पाव लिटर किंवा थोडं जास्त. तेव्हा जमेच्या बाजूला कांगारू रॅटचं काही विशेष नाही. त्याची सगळी हुशारी खर्चाच्या बाजूला आहे.

मेकॅनिकलवाल्यांनी इथे त्याच्या नाकाकडे बघावं. कोरडी हवा आत जाताना नाकाच्या अरुंद, ओलसर वाटांमधून जाते, तिथलं पाणी उडतं आणि नाकाचा पृष्ठभाग थंड होतो. फुप्फुसातून परतणारी गरम, दमट हवा त्याच थंड पृष्ठभागावरून बाहेर पडते आणि वाफेचं पुन्हा पाणी होऊन नाकातच राहतं. ३८ अंश सेल्सियसच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे ४६ ग्रॅम वाफ मावते, २५ अंशांना २३ ग्रॅम. म्हणजे हवा तेवढी थंड करून सोडली तर निम्मं पाणी परत. हवा कोरडी असेल तर या प्राण्याचा उच्छ्वास भोवतालच्या हवेपेक्षाही थंड असतो! पुस्तकांत याला काउंटरकरंट म्हणतात, पण खरं तर एकाच मार्गातून आळीपाळीने दोन्ही दिशांना हवा जाते, म्हणजे आपल्या भाषेत हा रिजनरेटर. ब्लास्ट फर्नेसच्या स्टोव्हचा हा नखाएवढा भाऊबंद.

दुसरी करामत मूत्रपिंडाची. त्याची लघवी आपल्यापेक्षा सुमारे चौपट घट्ट होऊ शकते. श्मिट-नील्सन यांनी या प्राण्यांना मुद्दाम सोयाबीन खायला घातलं. प्रथिनं जास्त म्हणजे युरिया जास्त, तो बाहेर टाकायला पाणी लागणारच. मग प्यायला दिलं समुद्राचं पाणी. तेही त्यांनी पचवलं. आपण प्यायलो तर ते मीठ बाहेर काढताना प्यायल्यापेक्षा जास्त पाणी गमावून बसू.

बाकी बचत सवयींची. घाम येत नाही. दिवस बिळात, चरायला रात्री. बिया भरायच्या गालपिशव्या तोंडाच्या बाहेरून उघडतात आणि आतून केसाळ असतात, त्यामुळे बिया वाहताना लाळही वाया जात नाही. रात्री बाहेर पडायचं म्हणजे घुबड आणि रॅटलस्नेक आलेच. त्यासाठी कानामागे हाडांच्या दोन फुगीर पोकळ्या आहेत, ज्या पंखांची मंद फडफडही टिपतात.

अर्थात बीळ म्हणजे एसी रूम, हे पाठ्यपुस्तकी चित्र थोडं जास्तच गोड होतं. २००२ मध्ये ट्रेसी आणि वॉल्सबर्ग यांनी सोनोरा वाळवंटातल्या मापनांवरून दाखवलं की ही बिळं बरीच उथळ असतात आणि उन्हाळ्यात त्यांचं तापमान ३० अंशांच्या वर जातं. म्हणजे ताळेबंद वाटला होता त्याहून ओढाताणीचा आहे.

सिव्हिलवाल्यांचा भाग शेवटी. याच जातीची एक उपजात, सॅन बर्नार्डिनो कांगारू रॅट, दक्षिण कॅलिफोर्नियात नद्या डोंगर उतरून वाळू पसरतात तिथे राहते. उड्या मारायला आणि बीळ उकरायला तिला मोकळी, विरळ झुडपांची वाळू लागते, आणि ती मोकळी ठेवतो पूर. पुरात काही प्राणी मरतात, पण दाट झुडपं वाहून जातात, ताजी वाळू येते, आणि उंचवट्यावर वाचलेले पुन्हा खाली पसरतात. १९९८ मध्ये या उपजातीला अमेरिकेत कायद्याने संकटग्रस्त ठरवलं गेलं. त्याच सुमारास सांता आना नदीवर सेव्हन ओक्स हे ५५० फूट उंचीचं मातीचं धरण पुरं होत होतं. त्याचं काम एकच, पूर अडवणं. खाली लाखो लोक राहतात, त्यांना पूर नको आहे आणि त्यांचं काही चुकतही नाही. पण पूर अडला की झुडपं दाटतात. आज ही उपजात मुख्यतः तीन ठिकाणी उरली आहे: सांता आना नदी, लिटल आणि काहोन हे ओढे, आणि सॅन हसिंटो नदी. मध्ये हमरस्ते, वसाहती आणि वाळू-खडीच्या खाणी. चाळीस-पन्नास ग्रॅमच्या प्राण्याला त्या ओलांडून पलीकडे जाता येत नाही.