तबकड्यांवरची रॉयल्टी तिकिटे

७८ गतीची जुनी ब्रिटिश तबकडी हातात आली, की लेबलावर एखादे चिमुकले तिकीट चिकटवलेले आहे का ते पाहा. ते ना टपालाचे असते ना सरकारी महसुलाचे. ते खासगी संस्थेने किंवा संगीत प्रकाशकाने काढलेले असते.

ब्रिटनच्या १९११च्या कॉपीराइट कायद्याने नियम असा घातला : हक्कधारकाच्या संमतीने एखाद्या रचनेचे एकदा ध्वनिमुद्रण झाले, की इतर कंपन्याही सूचना देऊन आणि रॉयल्टी भरून ती मुद्रित करू शकत. दर कायदा लागू झाल्यापासून पहिली दोन वर्षे तबकडीच्या किमतीच्या अडीच टक्के, पुढे पाच टक्के. पण रचनेमागे किमान अर्धी पेनी. हा हिशेब चुकता करण्याचा मार्ग म्हणजे ही तिकिटे. कंपनीने ती हक्कधारकाकडून विकत घ्यायची आणि तबकडीवर चिकटवायची. अडीच शिलिंगांच्या तबकडीवर एकच रचना असेल, तर पाच टक्क्यांनी दीड पेनी होते. म्हणजे तिकिटाच्या मूल्यावरून तबकडीच्या किमतीचा अंदाज बांधता येतो, आणि नावावरून हक्क कोणाकडे होते ते कळते. मला ही तिकिटे जमवण्याची खरी गोडी इथे वाटते.

चॅपेलसारख्या प्रकाशकांची तिकिटे आढळतात, तशीच १९२४मध्ये दोन संस्थांच्या विलीनीकरणातून उभ्या राहिलेल्या मेकॅनिकल-कॉपीराइट प्रोटेक्शन सोसायटीचीही (एमसीपीएस). सुटी तिकिटे अल्बमात शोभतात खरी, पण लेबल भिजवून तिकीट सोडवण्याचा मोह कृपया टाळा. तिकीट निघते, लेबल खराब होते, आणि तिकीट कोणत्या गाण्यासाठी होते हा पुरावाच नाहीसा होतो.