सेन्सर बदलण्याआधी साफ करा : गॅरेजवाल्यांसाठी एक छोटी, भरवशाची सेवा



पेण तालुक्यातलं हमरापूर म्हटलं की डोळ्यांसमोर येतात गणपतीचे कारखाने. हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घरोघरी मूर्ती घडतात आणि सीझनला टेम्पो, पिकअप भरून मुंबईकडे निघतात. इथे प्लास्टरची बारीक धूळ, त्यात मुंबई-गोवा महामार्गाची धूळ. मूर्ती भरलेली गाडी घाटात दमली, तर नुकसान कोणाचं? म्हणून या भागात गॅरेज टाकणाऱ्याने एक काम नीट शिकून घ्यावं : मास एअरफ्लो सेन्सरची सफाई.

हा सेन्सर एअर फिल्टरच्या पुढे, हवेच्या पाइपात बसतो. आतली तापलेली बारीक तार किंवा फिल्म इंजिनात किती हवा जाते ते मोजते, त्यावर ईसीयू इंधनाचा हिशोब करतो. फिल्टर फाटलेला किंवा सैल असेल, तर धूळ तारेवर बसते आणि हिशोब चुकतो. पिकअप मरतो, आयडलिंग डळमळतं, ॲव्हरेज घटतं, चेक इंजिनचा दिवा लागतो.

आधी खात्री करा. हा सेन्सर बऱ्याच डिझेल गाड्यांत असतो. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी मॅप सेन्सर असतो. स्कॅनर लावा. पी०१०० ते पी०१०४ यांपैकी कोड आला, तर वायरिंग आणि पाइपची गळतीही तपासा.

आता सफाई :

१. इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा.
२. कनेक्टरचं लॉक दाबून काढा. वायर ओढू नका.
३. स्क्रू योग्य पान्याने सोडून सेन्सर सरळ बाहेर काढा.
४. फक्त मास एअरफ्लो सेन्सरसाठीचाच स्प्रे घ्या. थोड्या अंतरावरून दहा-पंधरा वेळा मारा.
५. तारेला बोट, कापूस, ब्रश लावू नका. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. कार्ब क्लीनर, ब्रेक क्लीनर तर नकोच.
६. आपोआप पूर्ण वाळू द्या, मगच बसवा. शेवटी कोड पुसा आणि गाडी फिरवून बघा.

स्प्रे पेट घेतो, म्हणून मोकळ्या हवेत काम करा. जवळपास विडी-सिगारेट, वेल्डिंग नको. डोळ्यांना चष्मा, हातात ग्लोव्ह्ज हवेत.

आता धंद्याचं बोलूया. नव्या सेन्सरला काही हजार लागू शकतात. सफाईला लागतो स्प्रेचा थोडा भाग आणि तुमचा वेळ. दर ठरवताना स्प्रे, वेळ, स्कॅनरचा खर्च आणि नफा हे सगळं धरा. सोबत फिल्टर तपासून द्या, कारण फिल्टर खराब असेल तर सेन्सर पुन्हा मळणारच.

आणि सफाईनंतरही दोष राहिला, तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा : "दादा, सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." खोटी आशा दाखवून पैसे घेऊ नका. सीझनला वेळेवर निघालेली एक गाडी दहा नवी गिऱ्हाइकं आणते; रस्त्यात बंद पडलेली गाडी असलेली गिऱ्हाइकंही घालवते.

तुमच्या भागात धूळ कुठून येते, कोणाच्या गाड्या जास्त चालतात, याची यादी आजच करा. तुमचं पहिलं गिऱ्हाईक त्याच यादीत आहे!